आबांच्या वह्या: प्रकल्प नोंदी

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आबा, म्हणजे माझे आजोबा, जाऊन सात महिने झाले. वर्षश्राद्ध फाल्गुनात. नानांचा, म्हणजे काकांचा, हुकूम दसऱ्यालाच सुटला होता: "पाहुण्यांना वाटायला एक बारकं पुस्तक काढ. तू हिशेबाची माणूस, तुझ्याच्यानं हुईल." हिशेब आणि पुस्तक यांचा काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. शिवाय ट्रंक पुण्याला आणून माझ्या दिवाणाखाली सरकवूनही झाली होती.

आज ट्रंक उघडली. लांबट, लाल पुठ्ठ्याच्या दहा वह्या, सगळ्या आबांच्या अक्षरात. शाळेच्या वहीसारखी अकरावी, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली. एक सांडशी, कसोटीचा काळा दगड, तडा गेलेली एक मूस आणि घुंगरमाळेतले सुटे सात घुंगरू. विट्याच्या एका फोटो स्टुडिओतला आबा-आजींचा फोटो. त्यात आबा कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि आजी आबांच्या बुटांकडे.

मूस बघून हसू आलं. सोनं गाळायचं भांडं हे. आमच्याकडे मात्र बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी खांदेमळणीला याच मुशीत हळद आणि तेल कालवलं जायचं. लहानपणी मला ते बैलांचं हळदीचं भांडं म्हणूनच माहीत होतं.

अकराव्या वहीत नुसत्या रेघोट्या आणि गोल आहेत, पप्पांच्या नाहीतर नानांच्या लहानपणच्या. स्कॅन करण्यासारखं काही नाही म्हणून बाजूला ठेवली.

ठरवलेलं: चौसष्ट पानं, त्याच्या वर एकही नाही. कोईमतूर, जनावरं, ७२ चा दुष्काळ आणि घर, असे चार भाग.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

सगळे गावी. आत्तीला ओवाळणीपेक्षा पुस्तकात आपला फोटो कुठला येणार याची काळजी. जेवणं झाल्यावर ७२ ची गोष्ट निघाली, ती दर दिवाळीला निघतेच. गोष्ट अशी: गावानं दावणी मोकळ्या केल्या, खाटकाला मातीमोलानं जनावरं गेली. पण आबांनी एक शेपूट विकलं नाही. तीन गाया हाकत कृष्णाकाठाला नेल्या, उसाच्या वाड्यावर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर, जगवल्या आणि पाऊस पडल्यावर वाजतगाजत परत आणल्या. आज आमच्या गोठ्यात आहेत त्या त्याच गायींच्या वंशातल्या.

नाना तेव्हा तीन वर्षांचे. ते दर वेळी म्हणतात, "आबांच्या खांद्यावरनं मला नदीचं पाणी दिसल्यालं अजून आठवतंय." आजही म्हणाले.

आजी चुलीपाशी बसून शेंगा फोडत होती. हसली आणि उठून वैरण टाकायला गेली.

पुस्तकाचं मधलं प्रकरण हेच. २०१९ मध्ये आबांच्या तोंडून ही गोष्ट मी फोनवर टिपून ठेवली होती, ती फाईल शोधायची आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

वह्या क्रमांक १ ते ४ स्कॅन झाल्या. एकूण २१२ पानं.

वही १ कोईमतूरची. आबा १९५१ मध्ये, पंधराव्या वर्षी, मामाचं बोट धरून गलाईच्या कामाला गेले. आमच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यात हे नवल नाही. पाऊस कमी, जमीन खडकाळ, त्यामुळे घरटी एक माणूस सोनं-चांदी गाळायला बाहेर. हिंदुस्थानातल्या कुठल्याही सराफ पेठेत एखादा तरी विटेकर सापडतोच. हिशेब तोळे, मासे, गुंजांत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. पहिली दोन पानं बेरीज जुळेना. मग लक्षात आलं की हातचा मी दहाचा धरत होते.

वही २ पासून जनावरं. या वह्या म्हणजे वळूची नोंदवही. रकाने आबांनी स्वतः आखलेले: मालक व गाव, गाय कशी, कधी लावली (वळू दाखवला), कधी व्याली, काय झालं, शेरा. शेरे इतके मोजके की तार करत होते की काय असं वाटावं. "शिंग चांगले." "पाय आखूड." "तापट." एका कालवडीपुढे नुसतंच "विकू नये".

लावल्याचे रोख पैसे घेतलेले कुठे दिसत नाहीत. दोन शेर पेंड, कडब्याच्या वीस पेंढ्या, एके ठिकाणी "काही नाही, पाहुणे".

१३ नोव्हेंबर

तारखांची भानगड. आबांनी तिथ्या लिहिल्यात, शके घालून. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षअखेरीच्या महिन्यांना ७९. पण तिथीची तारीख करायला त्या त्या वर्षाचं पंचांग लागतं. दाते पंचांगाचे जुने अंक गावच्या भटजींच्या माळ्यावर आहेत, नाना फोटो काढून पाठवतो म्हणाले. पाठवले. निम्म्या फोटोंत नानांचा अंगठा आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून आले, बाकी दिवस तक्त्यात.

लावल्याची आणि व्याल्याची अशा दोन्ही तारखा असलेल्या नोंदी ११२. त्यांतल्या ९७ मध्ये अंतर २७५ ते २९५ दिवसांचं, म्हणजे नऊ महिने नऊ दिवसांच्या आसपास. बाकीच्या पंधरांत गाय मधे उलटली असणार, म्हणजे गाभ राहिला नसणार, आणि दुसऱ्यांदा लावल्याची तारीख मांडायची राहिली असणार. इतकी स्वच्छ वही माझ्या एकाही अशिलाची नाही. हे मी कुठे बोलणार नाही, पण इथे लिहून ठेवते.

खिल्लाराबद्दल पुस्तकात एक पान लागेल. मुंबईकर पाहुण्यांना वाटतं की पांढरा बैल म्हणजे खिल्लार. आमचा आटपाडी महाल जुन्या औंध संस्थानातला आणि या भागातली जात त्याच नावानं ओळखली जाते. अंगानं घट्ट, चालीला चपळ, शिंगं कमानीसारखी मागं गेलेली. वासरू जन्मतं तेव्हा माथ्यावर तांबूस असतं आणि दोनेक महिन्यांत तो रंग जातो. दूध जेमतेम दीड-दोन लिटर, तेही वासराचं पोट भरून उरलं तर. म्हणून तर जर्सी आली तशी गोठ्यागोठ्यातली खिल्लार गाय गेली. आबा म्हणायचे, "खिल्लारीला दूध मागू नये, बैल मागावा."

२७ नोव्हेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत एक गंमत झाली.

आमच्या मूळ गाईचं नाव वेल्ली. तिच्या लेकी, नाती, पणत्या वहीभर "वेल्लीची कालवड", "वेल्लीच्या लेकीची कालवड" अशा येतात. वेलीसारखी लवचिक असेल म्हणून वेल्ली, असं मी गृहीत धरलेलं आणि मसुद्यात तसं लिहूनही टाकलेलं. दुसरीचं नाव तंगम. ते गंगमचं काहीतरी बोबडं रूप असावं, असं आत्तीचं मत.

ऑफिसात शेजारी बसते ती मुलगी कोईमतूरची. तिला मसुदा वाचून दाखवत होते. घास तोंडात तसाच ठेवून ती म्हणाली, "वेल्ली म्हणजे चांदी. तंगम म्हणजे सोनं."

पांढरीशुभ्र गाय चांदी. तंगम वहीत "कोशी, पिवळसर झाक" आहे, ती सोनं. साठ वर्षं आमचं घर गोठ्यात तमिळ बोलत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. वेलीवाला परिच्छेद काढला.

८ डिसेंबर, रविवार

विट्याला गेले. चुलतभाऊ केरळातून सुट्टीवर आलाय, त्याचंही गलाईचंच दुकान. त्याला म्हटलं, मला समजेल असं सांग. तो म्हणाला, तू धुणं धुतेस ना, तसंच आहे.

सोनाराकडून येतं ते मिसळीचं सोनं. त्यात तांबं, चांदी, सांधे जोडायला लावलेला डाग. ते तसंच आम्लात टाकलं तर आम्ल आत शिरत नाही, वरवर चाटून थांबतं. म्हणून आधी त्यात आणखी चांदी घालायची, सोन्याच्या साधारण तिप्पट. ऐकायला उफराटं वाटतं, शुद्ध करायचं म्हणून आधी भेसळ वाढवायची. ते मुशीत एकत्र वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे, मग नत्राम्लात उकळायचे. तांबं आणि चांदी आम्लात विरघळते, लाल-तपकिरी धूर निघतो आणि तळाला सोनं राहतं. पण ते सोन्यासारखं दिसत नाही. कॉफीच्या गाळासारखी तपकिरी भुकटी. ती धुऊन, वाळवून पुन्हा वितळवली की मग पिवळं होतं. आम्लातली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवायची. काही वाया जात नाही. दुकानाची झाडलोटसुद्धा विकली जाते.

आबांच्या बोटांची टोकं पूर्वी पिवळट असायची, असं ऐकलेलं. मी तंबाखूची समजायचे. आबा तंबाखू खात नव्हते. आम्लाचे डाग ते, कातडी निघेपर्यंत जात नाहीत, आणि आबांची कातडी कामावर असेपर्यंत दर महिन्याला नवीन डाग घेत होती.

भावाकडून आणखी एक दुवा मिळाला. आबा १९६३ च्या सुरुवातीला कोईमतूर सोडून गावी का आले, याचं उत्तर घरात "आईची आठवण आली म्हणून" असं आहे. त्याच जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी. सोनारांचे हात थांबले, म्हणजे गलाईवाल्यांची भट्टीही थांबली. वही १ तिथेच संपते. आठवण आली असेलही, पण भट्टी विझल्यावर आली.

पुढच्या वर्षी पौषात, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत, साठवलेल्या पैशांतून एक गाय घेतली. वेल्ली.

१५ डिसेंबर

वही ४ मध्ये खिंडार. आषाढ १८९४ मध्ये "वळू विकला, २२५". श्रावण शु. ११ ला वेल्ली लावली, शेजारच्या गावच्या वळूकडे. भाद्रपदात दोन नोंदी. मग एकदम मार्गशीर्ष १८९५, म्हणजे डिसेंबर १९७३. मधे पंधरा महिने एक अक्षर नाही.

दुष्काळात गाई लावायला कोण आणणार, असं समजून पुढे गेले. पण "एक शेपूट विकलं नाही" याचं काय? वळूला शेपूट असतं. नानांना फोन केला. ते म्हणाले, "वळू धरू नगंस त्यात."

२८ डिसेंबर, शनिवार

जीएसटीच्या वार्षिक विवरणांची ३१ तारीख डोक्यावर, तरी रात्री अकराला वही ५ घेतली. पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात मनीऑर्डरची कूपनं सापडली. नऊ. मनीऑर्डर घरी आली की पोस्टमन पैशांबरोबर फाडून द्यायचा तेच कूपन, संदेशाला चार ओळी जागा असलेलं. सगळी आजीच्या नावावर. शिक्के कोईमतूरचे.

तारखेवार लावली. पहिलं नोव्हेंबर १९७२ चं, शेवटचं ऑक्टोबर १९७३ चं.

चौथ्या कूपनावर शिक्का ९ फेब्रुवारी १९७३. आबांचं अक्षर: "जोडी विकली ते बरे केले. वेल्लीस हात लावू नये. पोरांस सुकडी मिळते का कळवणे. रु. ४० पाठविले आहेत." (सुकडी म्हणजे दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ.)

गोष्टीत जनावरं पौषाची अवस झाल्यावर निघाली. पंचांग काढलं. ती अवस ३ फेब्रुवारीची.

म्हणजे गाया कृष्णेच्या वाटेवर असताना आबा कोईमतुरात मुशीपुढे बसलेले.

झोप लागली नाही. साडेबाराला २०१९ ची फाईल सापडली. तीन वेळा ऐकली. आबांचे शब्द जसेच्या तसे उतरवते:

"आवस झाली आन् जितराबं सोडली. तीन मुक्काम केलं. चौथ्या दिशी किष्णंचं पानी पाजलं. वाडं घातलं. तिन्ही गाया वाचिवल्या."

सोडली, केलं, पाजलं, घातलं, वाचिवल्या. कुणी? अख्ख्या गोष्टीत "मी" नाही, "म्या" नाही, "आम्ही"सुद्धा नाही. आपल्या भाषेत भूतकाळ असा बोलता येतो की कर्ता दाराबाहेर उभा राहिला तरी वाक्य अडत नाही. "आबांनी" आम्ही घातलं. पन्नास वर्षं, ऐकताना.

१ जानेवारी २०२५

आत्तीला फोन. ती तेव्हा सात वर्षांची. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आई घरात न्हवती तवा काही दिवस. मावशीकडं गेलीय म्हणून सांगितल्यालं. आमी थोरल्या आजीपाशी. मला वाटलं, आबांच्या संगट गेली आसंल." मग पुन्हा थांबून, "पन आबा तवा हितं कुटं हुते?"

आजीची बहीण भिलवडीच्या बाजूला दिलेली होती. कृष्णाकाठ.

नानांना सांगितलं. ते चिडले. "आबांच्या पुस्तकात आबांस्नीच खाली पाडायचं व्हय?" मी म्हटलं, खाली कोण पाडतंय, आबा कुठे होते एवढंच लिहितेय. त्यांनी फोन ठेवला.

१८ जानेवारी, शनिवार

खरसुंडीची यात्रा. नाना रागात असले तरी यात्रेला सोबत लागतेच, म्हणून मला घेऊन गेले.

शिंगं साळून, हिंगूळ लावून, पाठीवर झुली टाकलेली खोंडं ओळीनं बांधलेली. नाना प्रत्येकाचा जबडा उघडून दात बघत चालले होते, घ्यायचं काही नसताना. आदत, म्हणजे अजून दुधाचे दात न पडलेलं, खोंड असलं तरी दाम ऐकून घाम फुटतो. बैलगाडा शर्यतीवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठल्यापासून चांगल्या खोंडाचं मोल पुन्हा चढलंय. २०१४ ते तिथवरच्या वर्षांत आबांनी दोन खोंडं पडत्या भावात दिली. त्यांचा शेरा वहीत आहे: "दिले. बोलू नये."

उपरण्याखाली सौदा चाललेला पाहिला. दोघांचे हात उपरण्यात, तोंडं दोन दिशांना, जणू ओळख नाही. बोटं आत काय ते बोलतात. अचानक एकानं हात झटकून बाहेर काढला, बैलाकडे पाठ फिरवली, चार पावलं गेला आणि परत आला. नाना म्हणाले, "हे आबांनी शिकवलं. चार पावलं जायचं. पाचवं टाकलं की सौदा मोडला."

परतताना गाडीत नाना म्हणाले, "मग पाणी म्या कुणाच्या खांद्यावरनं बघितलं?" मी काही बोलले नाही. त्यांनाच विचारायचं होतं आणि त्यांनाच उत्तर माहीत होतं.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी आजीपुढे कूपनं मांडली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी ती हातानंच बघते. कागद ओळखले. पोस्टमन वाचून दाखवायचा, म्हणाली, आणि वाचताना गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढायचा.

मी विचारलं, गाया तू नेल्या होत्यास?

"मग कोन नेनार? धाकला दीर व्हता संगं. पन त्यो पोरगंच. नाना काखंत."

काखेत. खांद्यावर नाही. नाना उंबऱ्यात उभे होते, ते आत येऊन बसले.

तिनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यानं, मधेच कोंबड्या हाकलत. पहिला मुक्काम भिवघाटाच्या अलीकडे, दुसरा विट्याच्या बाहेर एका वस्तीवर. तिथल्या बाईनं गाईंना पाणी दिलं पण माणसांना मोजून तांब्या तांब्या. तिसऱ्या मुक्कामी वेल्ली बसली ती उठेना. गाभण. आजीनं आपल्या भाकरी तिला चारल्या. फोनच्या नकाशावर ही वाट साधारण ऐंशी किलोमीटर भरते. गाया बहिणीच्या दावणीला अर्धलीनं बांधल्या, म्हणजे होईल त्या वासरात निम्मा वाटा बहिणीचा. आणि आठ दिवसांत आजी चालत परत, कारण गावात पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं.

मी विचारलं, मग इतकी वर्षं आबा गोष्ट सांगायचे तेव्हा तू गप्प का?

"त्यास्नी सांगायला आवडायचं. आन् झ्याक सांगायचे. मला कुटं येतंय तसं?"

मग म्हणाली, "माजी वही दे की. त्येंच्या वह्या नेल्यास, त्यातच माजी बी नेलीस."

कुठली वही?

"उंदरानं खाल्ल्याली."

२५ जानेवारी, शनिवार

अकरावी वही. पहिल्याच दिवशी मी जिला रेघोट्या म्हणून बाजूला सारलं ती. २६ ऑक्टोबरची नोंद खोडणार नाही, लाज वाटते तरी तशीच राहू दे.

आजी शाळेत गेलेली नाही. आज पुण्यात एकटीनं वही उलगडून बसले. पहिल्या पानावर तीन गोल, प्रत्येकाला वर दोन शिंगं. एका गोलाच्या पोटात दुसरा बारका गोल. शेजारी तीन टिंबं. गाया तीन, मुक्काम तीन. पोटात गोल असलेली वेल्ली.

पुढची पानं म्हणजे ओळी. प्रत्येक ओळीत सहा उभ्या रेघा, शेवटी एक आडवी. सहा दिवस काम, मग पगार. आडव्या रेघेपुढे कधी टिंबं, कधी रिकामं. सोळाव्या ओळीच्या कडेला पुन्हा शिंगांचा गोल आणि त्याच्या बाहेर, शेजारी, बारका गोल.

मी आबांची वही ४ काढली. वेल्ली लावली श्रावण शु. ११, म्हणजे २० ऑगस्ट १९७२ च्या सुमारास. व्याल्याचा रकाना रिकामा. काम सुरू झालं फेब्रुवारीच्या मध्यावर. तिथून सोळावी ओळ जूनच्या सुरुवातीला येते. अंतर २८५ दिवसांच्या आसपास.

११२ नोंदी जुळवल्या होत्या. ही ११३ वी, दोन वह्या मिळून.

२ फेब्रुवारी, रविवार

नानांचा फोन, आपण होऊन. "त्या प्रकरणाचं नाव काय ठिवलंस?" अजून काही नाही, म्हटलं. ते म्हणाले, "ठिऊ नगंस. वहीचं पान छाप नुसतं."

कागद महाग पडतो म्हणून चौसष्ट पानांची अट मीच घातलेली. आजीच्या वहीची बारा पानं घालायची तर शहात्तर होतात. छापखान्याला विचारलं, ऐंशी करा म्हणाले, फॉर्म पुरा होतो. ऐंशी. आत्तीचे दोन फोटो बसले.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेवटचा मसुदा घेऊन गावी. आजीला तिची पानं मोठी करून दाखवली, रेघा बोटाएवढ्या. आडवा तक्ता मी शेजारी दिलाय: ओळ, दिवस, टिंबं म्हणजे सुकडीची पाकिटं, शेरा. एकूण भरले १३१ दिवस.

आजी रेघांवरून बोट फिरवत गेली. पाढे म्हणावेत तशी पुटपुटत. नवव्या ओळीवर थांबली. तिथे पाच रेघा आणि सहाव्या जागी एक टिंब. मी तक्त्यात तिथे "खाडा" लिहिलं होतं.

"खाडा न्हाय त्यो."

मग काय?

"कामावर हुते मी. सांजपातूर खडी फोडली. मुकादमानं हजेरी मांडली न्हाय. म्हनला, तू उशिरा आलीस. उशिरा न्हवते आले. दिवस उगवायच्या आत आले हुते." बोट टिंबावर तसंच. "पैसं न्हाय दिलं त्या दिसाचं."

नाना म्हणाले, "आई, बावन्न वर्षं झाली."

"मग? देनं लागत न्हाय व्हय?"

लॅपटॉप उघडला. "खाडा" खोडलं. एकूण १३२ केले, मिळालेले १३१ ठेवले आणि तक्त्याच्या तळाला एक ओळ वाढवली: येणे बाकी, १ दिवस.

फाईल छापखान्याला पाठवली, रात्री ९:४०.